आरावरचा रोडगा

मराठवाड्याच्या खाण्याचा विषय निघाला की ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे ही नावं पटापट येतात. सगळं तव्यावरचं, नाहीतर पातेल्यातलं. चारी बाजूंनी आच लावून भाजायचे पदार्थ म्हणजे बेकरीचे, आणि बेकरी ही बाहेरून आलेली, असं आपणच धरून चाललो आहोत. त्यात तथ्य नाही असं नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड आणि लातूर हैदराबाद संस्थानात होतं, त्यामुळे हैदराबादच्या बेकऱ्यांची चव आणि निजाम मीर उस्मान अली खानाच्या नावानं ओळखलं जाणारं उस्मानिया बिस्कीट इकडे परकं राहिलं नाही. पुढे उन्हाळ्याच्या सुट्टीत रवा, मैदा, पिठीसाखर आणि डालडा घेऊन बेकरीत जायचं, नंबर लावायचा आणि पत्र्याच्या डब्यात नानकटाई भरून आणायची, ही चालही गावोगावच्या घरांत रुळली. त्या नानकटाईवर माझंही प्रेम आहे. पण तिच्या कितीतरी आधीपासून आपल्या शिवारात एक भाजणं चालत आलं आहे. त्याला भट्टी लागत नाही, साचा लागत नाही, तवासुद्धा लागत नाही. लागतात गोवऱ्या, जाडसर दळलेला गहू आणि विस्तवापाशी बसून राहायची तयारी. ही पुस्तिका त्या भाजण्याची, म्हणजे रोडग्याची आहे.

ज्यांनी रोडगा पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी सांगते. गव्हाच्या घट्ट कणकेचा छोटा गोळा घ्यायचा, त्यावर तेल लावलेली जाड पुरी गुंडाळायची, तिच्यावर आणखी एक, मग आणखी एक. असा पदरापदरानं वाढत गेलेला, सोललेल्या नारळाएवढा गोळा गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत पुरून भाजायचा. बाहेरून तो काळपट-तांबूस आणि टणक होतो. फोडला की आतले पदर सुटे होतात आणि वाफ निघते. मग तो चुरायचा, त्यावर तूप, घट्ट वरण आणि बाजूला वांग्याची भाजी. शेवटचा घास गूळ-तुपाबरोबर. एका रोडग्यात दोन माणसांचं पोट भरतं. शेतात राबणारा गडी एकटाही संपवतो.

हा पदार्थ किती जुना, याचा एक पुरावा आपल्या ओठांवरच आहे. पैठणच्या एकनाथांनी (१५३३–१५९९) लिहिलेलं भवानीच्या नवसाचं भारूड मराठवाड्यात ऐकलं नाही असा माणूस विरळा. सासरच्या जाचाला कंटाळलेली एक सून देवीकडे घरातल्या एकेकाला वाटेतून दूर करण्याचं मागणं मागते आणि बदल्यात रोडगा कबूल करते. नाथांना सांगायचा आहे तो परमार्थ, सासर म्हणजे संसाराचा गोतावळा. पण रूपक पोचायचं तर ज्या वस्तूवर ते उभं आहे ती ऐकणाऱ्याच्या घरातली हवी. सोळाव्या शतकातल्या गोदाकाठच्या बाईला देवीला काय वाहायचं हे विचारावं लागत नव्हतं. रोडगा म्हटलं की तिला तो दिसत होता. हे भारूड मी लहानपणापासून ऐकत आले, आणि त्यातली एक गोष्ट मला फार उशिरा खटकली. नवस बोलते ती बाई. पण आमच्या गावात रोडगे भाजायला बायकांना कोणी विस्तवाजवळ येऊ देत नव्हतं.

आमचं गाव लोहा आणि अहमदपूर यांच्या मधल्या पट्ट्यात येतं, जिथे नांदेड जिल्हा संपून लातूर जिल्हा कधी लागला ते पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. याच रस्त्यावर माळेगाव आहे. तिथल्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला सुरू होते आणि घोडे, गाढवं, उंट, बैल यांचा बाजार माळभर पसरतो. दुसऱ्या दिवशी येळवस. लातूरकडची माणसं त्या दिवशी गाव रिकामं करून शेतात जेवतात. भज्जी, आंबील, उंडे आणि गव्हाची खीर असा तो बेत. त्याच महिन्यात थोडं आधी, शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठी होऊन गेलेली असते. खंडोबाच्या त्या नैवेद्यात वांग्याचं भरीत, कांद्याची पात, ठोंबरा आणि कणकेचा रोडगा असतो. ज्यांच्या घरी चातुर्मासात वांगं-कांदा वर्ज्य, त्यांच्याकडे तो त्या दिवशी पुन्हा ताटात येतो. नवं वांगं, नवी पात, रानात वाळलेलं शेण आणि रात्रीची थंडी. रोडग्याला याहून चांगले दिवस नाहीत. हनुमान जयंतीला आणि पाऊस लांबला की मारुतीच्या पारासमोर होणारे रोडगेही मी खाल्ले आहेत, पण चैत्राच्या उन्हात आराजवळ, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांजवळ, बसणं म्हणजे शिक्षा.

एक गोष्ट इथे ध्यानात घ्यायला हवी. मराठवाडा ज्वारीचा. रोजच्या ताटात भाकरी, आणि गहू सणासुदीला. ज्वारीच्या पिठाला ताण नसतो. थापली तर भाकरी होते, पण लाटून पदर गुंडाळायला गेलं की तुटते. पदर धरायला गव्हातला चिकटपणाच लागतो. म्हणजे ज्या घरात गहू जपून वापरायचा त्या घरात देवासाठी परातभर कणीक मळली जायची. नवसाला रोडगाच का, याचं उत्तर मला त्या परातीत दिसतं. जे सहज मिळतं ते देवाला कबूल करण्यात काय विशेष?

आता अण्णांबद्दल. या पुस्तिकेतली मूळ कृती माझ्या वडिलांची. त्यांना ती त्यांच्या वडिलांकडून आली आणि तीही शिकवून नाही, जवळ बसवून. पाककृतींच्या वहीचा वारसा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आई किंवा आजी येते. आमच्या घरी वही आईची होती आणि रोडगा तिच्या वहीत नव्हता. तिला तो येत नव्हता असं नाही. कणीक तीच मळून द्यायची. पण पुढचं काम पारावरच्या किंवा विहिरीवरच्या पुरुषांचं, असा रिवाज. घरातल्या घरात चूल बायकांनी फुंकायची आणि उघड्यावरचा देवाचा विस्तव पुरुषांनी सांभाळायचा, ही वाटणी कोणी केली, ठाऊक नाही. ती मला कधीच पटली नाही. अण्णांनी मला आराजवळ बसवलं तेव्हा दोन-तीन वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. अण्णा त्यांना एवढंच म्हणाले, ‘‘नवस बायकांनी बोलायचा आणि भाजायला आपण, असं कसं?’’ त्या वाक्यानं मला रोडगा मिळाला.

अण्णा कणकेबद्दल फारसं बोलत नाहीत. पीठ जाड हवं, तेल हात आखडता न घेता घालावं आणि सोड्याला हात लावू नये, झालं. बाकी सगळं बोलणं विस्तवाचं. मी आधी कणकेची प्रमाणं लिहून घेतली, आणि ती बरोबर असूनही रोडगा कधी आत कच्चा राहायचा, कधी बाहेरून कोळसा व्हायचा. तेव्हा कळलं की कृतीतला मोठा भाग मी कागदावर घेतलाच नव्हता. म्हणून या पुस्तिकेत कणकेला दोन पानं आहेत आणि आराला सहा.

तो आर कसा पडतो, हे एकदा नीट पाहू. खाली तुराट्या किंवा पऱ्हाट्या, आमच्याकडे जे असेल ते. लातूरकडे तूर जास्त, नांदेडकडे कापूस, त्यामुळे पेटवणही बदलतं. वर रानगोवऱ्या, म्हणजे जनावरांनी चरता चरता टाकलेलं आणि जागेवरच वाळलेलं शेण. थापलेल्या गोवरीपेक्षा ती हलकी असते आणि सगळीकडून सारखी जळते. मध्ये हवा खेळावी म्हणून गोवऱ्या उभ्या एकमेकींना टेकवून रचायच्या. पेट घेतला की आधी पिवळट दाट धूर, मग ज्वाळा, मग ज्वाळा बसते. अनुभव नसलेला माणूस इथेच फसतो. ज्वाळा गेली म्हणून तो रोडगे टाकतो, आणि गोवरीच्या पोटात अजून धूर असतो. अण्णा म्हणायचे, ‘‘आर पडू दे, कायला घाई करायलीस?’’ गोवरी काठीनं मोडली आणि आतूनही लाल दिसली, वर राखेची पांढरी साय धरली आणि धुराचा वास पूर्ण गेला, की आर पडला.

मग हात. निखाऱ्यांच्या वर वीतभर अंतरावर अण्णा तळहात धरत आणि मनात आकडे मोजत. तीनलाच हात ओढावा लागला तर थांबायचं. पाचपर्यंत टिकला तर रोडगे टाकायचे. दहा मोजले तरी चटका नाही, तर वेळ गेली, बाजूला दुसऱ्या गोवऱ्या पेटवायच्या. आकडे सावकाश मोजायचे, हेही ते सांगत. मी नंतर शहरात ओव्हनचा काटा फिरवायला शिकले, पण त्या तळहाताइतका विश्वास मला काट्यावर बसला नाही.

रोडगा आधी पुरायचा नसतो. निखारे पसरून त्यांवर नुसता ठेवायचा, जोड खाली, आणि दर थोड्या वेळानं फिरवायचा. सगळ्या अंगानं कातडी धरली, बोट टेकवलं तरी दबत नाही इतकी, की मग निखारे बाजूला सारून खळगा करायचा, रोडगे त्यात बसवायचे, वर गरम राख आणि राखेवर निखारे. कातडी धरण्याआधी पुरला तर राख ओल्या कणकेला चिकटते आणि खाताना दाताखाली येते. पुरल्यावर पाऊण तास तिकडे बघायचं नाही. हा पाऊण तास पुरुषांच्या गप्पांचा. गावातली निम्मी भांडणं तिथेच लागतात आणि तिथेच मिटतात.

हे सगळं असंच का, याचं कारण कळायला मला जरा वाचावं लागलं. गोवरी जळते तेव्हा राख भरपूर धरते आणि ती राख निखाऱ्याला पांघरून टाकते. हवा कमी पोचते, म्हणून निखारा सावकाश जळतो. राखेतून उष्णता हळू जाते, त्यामुळे लाकडी कोळशासारखा एका जागी चटका बसत नाही. रोडग्याच्या आतल्या कणकेत पाणी आहे तोवर तिचं तापमान १०० अंशांपुढे जात नाही. बाहेरचा पदर मात्र कोरडा पडून १४० च्या वर गेला की तांबूस होतो आणि खमंग वास सुटतो. गोळा मोठा, म्हणून उष्णतेला पोटापर्यंत पोचायला वेळ लागतो. मंद आच नसती तर आत शिजण्याआधी बाहेर राख झाली असती. पदरांमधलं तेल दोन कामं करतं: पदर एकमेकांना चिकटू देत नाही, आणि आतल्या पाण्याची वाफ झाली की ती पदरांमध्ये जागा करून घेते. कोणी प्रयोगशाळेत बसून हे ठरवलं नाही. पिढ्यानपिढ्या करपलेल्या आणि कच्च्या राहिलेल्या रोडग्यांनी ते ठरवलं.

राखेत भाजलेली भाकर ही जगात आपलीच एकट्याची नाही. माळवा-राजस्थानची बाटी, बिहारची सत्तू भरलेली लिट्टी, खानदेशातली बट्टी ही जवळची मंडळी. ऑस्ट्रेलियात गुरं-मेंढरं हाकणारे लोक निखाऱ्यांच्या राखेत ‘डॅम्पर’ भाजत. आणि जॉर्डनच्या ईशान्येला शुबैका इथे जुन्या चुलाणांत जळलेल्या भाकरीचे कण सापडले आहेत, सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीचे. २०१८ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. म्हणजे माणूस शेती करायला लागला त्याच्या हजारो वर्षं आधी कोणीतरी रानटी धान्य कुटून, पाण्यात कालवून विस्तवावर ठेवलं होतं. मी ते वाचलं तेव्हा अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते म्हणाले, ‘‘आर बरा पडला नसंल, म्हणून जळाली.’’ आणि पुन्हा पूर्ण गंभीरपणे विचारलं, की त्यांच्याकडे जनावरं होती का.

जनावरांचा प्रश्न आमच्याकडेही आहेच. रोडग्याची कृती टिकवायची म्हणजे काय टिकवायचं, याचा विचार मी या पुस्तिकेच्या निमित्तानं बराच केला. लातूरची देवणी आणि नांदेडची लाल कंधारी ही आपल्या मातीतली गुरं, दोन्हींची नावं आपल्याच तालुक्यांवरून पडलेली. घरी बैलजोडी असायची तेव्हा गोवऱ्यांचा हुडवा घराच्या मागे उभा असायचाच, पावसाळ्यापूर्वी तो लिंपून बंद केला जायचा. नांगरट ट्रॅक्टरवर गेली, गॅस आला, दावणी ओस पडल्या. गॅसमुळे धुरानं डोळे चोळणाऱ्या बायका सुटल्या, हे फार चांगलं झालं आणि त्याबद्दल मला कसलाही उसासा टाकायचा नाही. पण रोडग्याला लागणारं इंधन त्याबरोबर गेलं. तेलही बदललं. अण्णांच्या तरुणपणी मोहन करडईच्या तेलाचं असे. परभणीच्या कृषी विद्यापीठानं, जे १९७२ मध्ये सुरू झालं, ‘परभणी कुसुम’सारखं करडईचं वाण दिलं, तरीही करडई मागे पडत गेली आणि लातूर सोयाबीनची बाजारपेठ म्हणून नावाजलं. करडईच्या तेलाचा रोडगा खाल्लेल्या माणसाला फरक कळतो. मिळालं तर घाण्याचं करडईचं तेल वापरा. नाही मिळालं म्हणून रोडगा राहू देऊ नका.

पुस्तिकेचा शेवटचा भाग ओव्हनचा आहे, आणि तो ठेवावा की नाही यावर आमच्या घरात जोरदार वाद झाला. पुण्यात, हैदराबादेत, त्याहून लांब गेलेली आमची पोरं गोवऱ्या कुठून आणणार? मी तो भाग ठेवला आहे. छोट्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं, कातडी धरेपर्यंत. मग १६० वर आणून पाऊण तास. मध्ये एकदा फिरवायचा. पदर सुटतात, आत नीट शिजतो, तूप-वरणाबरोबर उत्तम लागतो. आराचा वास येत नाही. तो आणायला कोळशाचा निखारा वाटीत ठेवून वर तूप सोडायचं आणि झाकण घालायचं, असंही काहीजण करतात. मला ते आवडत नाही. तुपाच्या धुराचा वास वेगळा, गोवरीचा वेगळा. ओव्हनचा रोडगा ओव्हनचा म्हणूनच खावा, त्यात कमीपणा काही नाही. आणि होमासाठी पाकिटात मिळणाऱ्या गोवऱ्यांवर चुकूनही भाजू नका. त्यांत कापूर, सुगंधी द्रव्यं काय काय मिसळलेलं असतं. ते खाण्यात यायला नको.

ओव्हनच्या भागाला सगळ्यात जास्त विरोध अण्णांचा होईल असं मला वाटलं होतं. त्यांना आता विस्तवापुढे उकिडवं बसवत नाही. खुर्ची टाकून दुरून सांगतात, आणि हात माझा असतो. त्यांनी ओव्हनमधला रोडगा फोडला, पदर बोटांनी सोडवून पाहिले, वास घेतला आणि विचारलं की पोरगी हा एकटी करू शकते का. हो म्हटल्यावर म्हणाले, मग छापा. माझ्या लेकीला लातूरला किंवा गावाकडे येणं जमत नाही तेव्हा ती चंपाषष्ठीला तिच्या खोलीत दोन रोडगे करते. भरीतही करते. पारावरच्या कोणाच्या परवानगीची तिला गरज पडत नाही.

या कामात गावातल्या अनेक जुन्या माणसांनी मदत केली. त्यांतल्या काहींची पद्धत अण्णांपेक्षा वेगळी आहे. कोणी कणकेत दूध घालतं, कोणी पुऱ्यांच्या पदरांवर तीळ पेरतं, वैनगंगेकडून आलेल्या एका सुनेच्या माहेरी तर रोडग्याच्या पोटात गोळाच नसतो, सगळे पदरच. मी त्या सगळ्या रीती स्वतंत्र दिल्या आहेत, एकीत दुसरी मिसळली नाही. वांग्याची भाजी आणि वरण यांच्या कृती आईच्या वहीतून, तिच्याच शब्दांत घेतल्या आहेत. ‘अंदाजानं’ हा शब्द तिथे वारंवार येईल. तो मी काढला नाही, पण शेजारी ग्रॅममधलं माप दिलं आहे.

वाचायला बसण्याआधी एक काम करून ठेवा. गहू दळायला टाकताना गिरणीवाल्याला आधीच सांगा, पोळीचं पीठ नको, जाडसर काढा, हाताला रवा लागला पाहिजे. बन्सी मिळाला तर बन्सीच घ्या. बारीक पिठाचा रोडगा आत गिच्च होतो, मग आर कितीही चांगला पडलेला असो. आणि पहिल्या वेळी चारच करा. चारांपुरत्या गोवऱ्या सांभाळता आल्या की पुढे चाळीसही सांभाळता येतात.